एपिक्युरसची बाग आणि राझींचा दवाखाना

ग्रीक तत्त्वज्ञांची नावे आमच्या घरांत परकी नाहीत. फरक इतकाच की ती अथेन्सहून थेट आली नाहीत; बगदादचा फेरा घालून, अरबी-फारसीचा पेहराव करून आली. प्लेटोचा अफलातून झाला आणि मराठीत तो चक्क विशेषण होऊन बसला. नाटक अफलातून असते, बेत अफलातून असतो आणि मुंबईत मोहम्मद अली रोडवर याच नावाची माव्याची मिठाईही मिळते. अरिस्टॉटलचा अरस्तू झाला, सॉक्रेटिसचा सुकरात झाला. हिप्पोक्रेटिसचा बुकरात झाला. युनानी दवाखान्यातले हकीमसाहेब त्याचे नाव अदबीने घेतात, आणि घरात जास्त शहाणपणा करणाऱ्या पोराला वडीलधारी मंडळी त्याच नावाने गप्प करतात.

या यादीत एक नाव मात्र नाही. ते म्हणजे एपिक्युरस. गंमत पाहा, सुखाकडे कायम संशयाने पाहणाऱ्या अफलातूनच्या नावाची मिठाई झाली. आणि सुख हेच जगण्याचे ध्येय आहे असे उघडपणे सांगणाऱ्याचे नाव आमच्या जिभेवर कधी बसलेच नाही. नाव बसले नाही हे खरे. पण मरणाच्या भीतीवर त्याने जो इलाज सांगितला, त्याच्याशी नाते सांगणारा इलाज नवव्या-दहाव्या शतकाच्या सांध्यावर रय शहरातल्या एका मुसलमान हकिमाने आपल्या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात लिहून ठेवला आहे. या दोघांमध्ये बारा शतकांचे अंतर आहे. त्या अंतरात काय घडले आणि त्याचा आमच्याशी काय संबंध, हे तपासण्यासाठी हा लेख.

सुकरातचा प्याला

चांगले जगणे म्हणजे काय आणि मरणाकडे कसे पाहावे, हे दोन प्रश्न ग्रीकांनी एकत्र विचारले. त्याचे एक कारण इ.स.पू. ३९९ साली अथेन्समध्ये घडले. सत्तर वर्षांच्या सॉक्रेटिसवर खटला भरला गेला. नगराचे देव तो मानत नाही आणि तरुणांना बिघडवतो, असे आरोप होते. शिक्षा मरणाची झाली. प्लेटोने त्याचे न्यायालयातले भाषण लिहून ठेवले आहे. त्यात सॉक्रेटिस मरणाविषयी दोनच शक्यता मांडतो. एक तर मरण म्हणजे स्वप्नही नसलेली गाढ झोप, किंवा मग दुसऱ्या जागी प्रवास, जिथे आपल्या आधी गेलेले थोर लोक भेटतील. दोन्हींत भिण्यासारखे त्याला काही दिसत नाही. मरण म्हणजे काय हे ठाऊक नसताना ते वाईटच आहे असे मानणे, हे त्याच्या मते जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्याचे सोंग आहे. मग त्याने विषाचा प्याला शांतपणे घेतला.

प्लेटोने या दोन शक्यतांपैकी दुसरी उचलली. आत्मा अमर आहे, शरीर ही त्याची कैद आहे आणि तत्त्वज्ञान म्हणजे मरणाचा सराव, असे त्याने आपल्या गुरूच्या तोंडून वदवले. त्याचा शिष्य ॲरिस्टॉटल जमिनीवर राहिला. त्याने ज्याला जीवनाचे ध्येय म्हटले त्या ग्रीक शब्दाचे भाषांतर आपण घाईने 'सुख' असे करतो. खरा अर्थ 'भलेपणाने आणि भरभरून जगणे' याच्या जवळचा आहे. त्यासाठी सद्गुण हवेत, मित्र हवेत, थोडीफार मालमत्ता हवी आणि पुरेसे आयुष्य हवे. हे सारे स्वतंत्र नगराच्या स्वतंत्र नागरिकाला नजरेसमोर ठेवून सांगितलेले होते. गुलाम आणि स्त्रिया त्या हिशेबात नव्हत्या.

इ.स.पू. ३२३ मध्ये सिकंदर वारला. ज्या नगरांच्या भरवशावर हा हिशेब मांडला होता, ती नगरे सेनापतींच्या भांडणात भरडली गेली. आज हा राजा, उद्या तो. अशा वेळी माणसाने कशाच्या आधाराने जगायचे?

बागेतली माणसे

त्याच वर्षी अठरा वर्षांचा एक तरुण सक्तीच्या लष्करी सेवेसाठी अथेन्समध्ये होता. एपिक्युरसचा जन्म इ.स.पू. ३४१ चा, सामोस बेटावरचा. आईबाप अथेन्सचे, वडील शाळामास्तर. सिकंदराच्या मृत्यूनंतर सामोसवरच्या अथेनियन वसाहतकऱ्यांना हाकलून देण्यात आले आणि या कुटुंबाला समुद्रापलीकडे कोलोफोनला आसरा शोधावा लागला. म्हणजे ज्याला जग ऐषआरामाचा गुरू म्हणते, तो वयाच्या विशीत एका निर्वासित कुटुंबाचा मुलगा होता.

काही वर्षे इतर शहरांत शिकवून इ.स.पू. ३०६ च्या सुमारास तो अथेन्सला परतला आणि त्याने ८० मिना देऊन एक बाग विकत घेतली. तीच त्याची शाळा. तिचे नावच 'बाग' पडले. प्लेटोच्या अकादमीत राज्य चालवणारे घडवायचे होते. बागेत राजकारणापासून दूर, मित्रांच्या सोबतीने, कुणाच्या नजरेत न भरता जगायचे होते. या बागेत स्त्रिया होत्या. लिऑन्शन नावाच्या बाईने तर ॲरिस्टॉटलच्या गादीवर बसलेल्या थिओफ्रास्टसचे खंडन करणारे पुस्तक लिहिले, आणि त्याचा राग रोमच्या सिसेरोला अडीचशे वर्षांनंतरही आवरला नाही. बागेत गुलामही चर्चेला बसत. त्यांतल्या मिस नावाच्या गुलामाला एपिक्युरसने मृत्युपत्रात मुक्त केले. त्याच्यासोबत आणखी दोन गुलामांना आणि एका दासीलाही. जगाच्या दृष्टीने ही उठबस बेअदबीची होती. बागेविषयी पुढे ज्या अफवा उठल्या, त्यांचे एक मूळ इथे आहे.

सुख म्हणजे काय?

एपिक्युरसच्या आधीही सुखवादी होते. सॉक्रेटिसच्या बैठकीतला ॲरिस्टिपस हा आजच्या लिबियातल्या सायरीन शहराचा. त्याच्या मते समोर आलेले सुख उपभोगावे. सुख म्हणजे या क्षणाची शरीराची गोड संवेदना. या पंथाची अखेर चमत्कारिक झाली. याच परंपरेतल्या हेगेसियसने हिशेब मांडला की आयुष्यात सुखापेक्षा दुःखच जास्त भरते, मग जगायचे कशाला? त्याची व्याख्याने ऐकून लोक जीव देऊ लागले आणि इजिप्तच्या टॉलेमी राजाने ती बंद पाडली, असे सिसेरो सांगतो.

एपिक्युरसने ही वाट सोडली. त्याच्या मते भूक लागणे ही वेदना आहे आणि भूक भागली की ती जाते. ती गेल्यावर जी स्वस्थता उरते, तेच खरे सुख. त्यानंतर तोंडात आणखी किती पक्वान्ने कोंबली याने सुखाचा प्रकार बदलतो, माप वाढत नाही. शरीराला वेदना नसणे आणि मनाला घोर नसणे, इतकी त्याच्या सुखाची व्याख्या. या दुसऱ्या गोष्टीसाठी उर्दूत आपल्याकडे नेमका शब्द आहे: इत्मिनान.

मग त्याने इच्छांची वर्गवारी केली. काही इच्छा नैसर्गिक आणि गरजेच्या: अन्न, पाणी, आसरा, मैत्री. काही नैसर्गिक, पण ज्यांच्यावाचून अडत नाही अशा: चमचमीत खाणे, मऊ बिछाना. आणि काही निव्वळ पोकळ: अमर्याद संपत्ती, सत्ता, मरणानंतरही टिकणारी कीर्ती. पहिल्या प्रकारच्या इच्छा थोडक्यात भागतात. तिसऱ्या प्रकारच्या कधीच भागत नाहीत, कारण त्यांना तळच नसतो. माणूस दुःखी होतो तो पहिल्यांच्या अभावाने कमी आणि तिसऱ्यांच्या मागे धावून जास्त. ज्या समाजात मुलीच्या लग्नात चार लोकांनी वाहवा म्हणावे म्हणून बाप पाच वर्षांचे कर्ज डोक्यावर घेतो, त्या समाजाला हा तिसरा प्रकार निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. आमचे सूफी बुजुर्ग याच अंगाने कनाअतची, म्हणजे आहे त्यात समाधान मानण्याची शिकवण देत आले आहेत. दोघांच्या वाटा वेगळ्या. पण या वळणावर त्या एकमेकींना भेटतात.

त्याचे स्वतःचे जेवण भाकर आणि पाण्याचे. एकदा त्याने एका मित्राला चीजचे छोटे मडके पाठवायला सांगितले, म्हणजे मनात येईल तेव्हा मेजवानी करता येईल! इ.स.पू. २९५-९४ मध्ये सेनापती डिमिट्रियसने अथेन्सला वेढा घातला. अन्न इतके संपले की छतावरून पडलेल्या मेलेल्या उंदरासाठी एक बाप आणि मुलगा भांडले, असे प्लूटार्क लिहितो. त्या दिवसांत एपिक्युरस घेवड्याचे दाणे मोजून आपल्या साथीदारांना वाटून देत होता. सुखवादाच्या आद्यगुरूचे हे चित्र आम्हाला फार बोलके वाटते.

मरणाशी हिशेब

इत्मिनान का मिळत नाही? एपिक्युरसच्या मते दोन भीतींमुळे: देवांची आणि मरणाची. आकाशात वीज कडाडली की देव कोपला, असे तेव्हाचे लोक मानत. निसर्ग अणूंच्या हालचालींनी चालतो आणि देव आपल्या परमानंदात आहेत. माणसाला शिक्षा करण्यात त्यांना रस नाही, असे त्याचे म्हणणे.

मरणाविषयीचा त्याचा युक्तिवाद साधा आहे. कुठलीही गोष्ट चांगली किंवा वाईट असते ती कुणाला तरी जाणवते म्हणून. मरण म्हणजे जाणिवेचाच शेवट. मग जे जाणवणारच नाही ते वाईट कुणासाठी? जिवंत माणसाला मरण भेटलेले नसते आणि मेलेल्या माणसापाशी भिणारा कुणी उरलेला नसतो. पुढे इ.स.पू. पहिल्या शतकात त्याचा रोमन अनुयायी ल्युक्रेशियस याने त्याला जोड दिली. आपल्या जन्माआधी अनंत काळ गेला. त्या काळात आपण नव्हतो, याचे दुःख कुणी करत नाही. मग पुढच्या काळात आपण नसू याचे का करावे?

पण याचा अर्थ जीव द्यावा असा नाही. हेगेसियसच्या उलट एपिक्युरस म्हणतो की शहाणा माणूस जगण्याला कंटाळत नाही आणि न जगण्याला भीत नाही. जेवताना आपण ताटात किती पडले यापेक्षा ते रुचकर आहे का हे पाहतो, तसेच आयुष्याचे.

इ.स.पू. २७० मध्ये मूतखड्याच्या विकाराने चौदा दिवस तळमळून तो वारला. शेवटच्या दिवशी त्याने इडोमेनियस या मित्राला पत्र लिहिले. वेदना इतकी आहे की याहून जास्त असूच शकत नाही, पण तुझ्याशी झालेल्या गप्पांच्या आठवणीचा आनंद तिच्यासमोर उभा आहे, अशा आशयाचे ते पत्र. शेवटी विनंती होती ती आपल्या आधी वारलेल्या मेट्रोडोरस या मित्राच्या मुलांना सांभाळण्याची.

इथे थांबून दोन आक्षेप नोंदवले पाहिजेत. पहिला कुणाही माणसाचा. माझे मरण माझ्यासाठी काही नसेल, पण ज्या आईचे मूल गेले तिला हा युक्तिवाद काय देणार? उत्तर अपुरे आहे, हे मान्य करावे लागते. एपिक्युरसपाशी तिथे आठवण आणि मित्रांची सोबत एवढेच आहे. दुसरा आक्षेप आमचा, मुसलमान म्हणून. आखिरत हा आमच्या ईमानचा भाग आहे, आणि माणसाच्या भल्याबुऱ्याची फिकीर नसलेला खुदा आम्हाला मान्य नाही. हा मतभेद मुळातला आहे, तो लपवून चालणार नाही. पण मतभेद असला म्हणून त्या माणसाची बदनामी करावी, हेही बरोबर नाही. जगाने नेमके तेच केले.

बदनामी आणि राख

सुरुवात त्याच्या हयातीतच झाली. बागेतून बाहेर पडलेल्या एका शिष्याने खादाडपणाच्या कथा पसरवल्या. डायोटिमस नावाच्या एका विरोधकाने पन्नास अश्लील पत्रे एपिक्युरसच्या नावावर खपवली. यहुदी धर्मशास्त्रात त्याच्या नावावरून 'अपिकोरोस' हा शब्द पाखंड्यासाठी रूढ झाला. ख्रिस्ती युरोपात दान्तेने आपल्या महाकाव्यात त्याला अनुयायांसह नरकातल्या जळत्या कबरींत टाकले. आत्मा शरीरासोबत मरतो असे म्हणणाऱ्याला कायमची कबर!

त्याने सुमारे तीनशे ग्रंथ लिहिले असे सांगतात. त्यांतली तीन पत्रे, काही वचने आणि तुकडे एवढेच शिल्लक राहिले. ल्युक्रेशियसचे काव्य मठांच्या कपाटांत विसरले गेले होते. १४१७ साली पोज्जो ब्राच्योलीनी या इटालियन विद्वानाला त्याची प्रत सापडली. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात हर्क्युलेनियम गाडले गेले, त्यात एका हवेलीतला ग्रंथसंग्रह कोळसा झाला. अठराव्या शतकात त्या गुंडाळ्या सापडल्या. त्यांत बागेच्या परंपरेतल्या फिलोडेमसची पुस्तके निघाली. एपिक्युरसच्या शिकवणीचा चार कलमांत केलेला सारांश तिथेच मिळाला, आणि त्याचे नाव काय, तर 'चार औषधांचे मिश्रण'. तत्त्वज्ञान हे औषध आहे, हीच कल्पना. २०२३ पासून संगणकाच्या मदतीने न उलगडताच या जळक्या गुंडाळ्या वाचल्या जाऊ लागल्या आहेत. पहिल्यांदा जो सलग मजकूर लागला, त्याचा विषय होता: जी वस्तू दुर्मीळ ती जास्त सुख देते का? दोन हजार वर्षे राखेत राहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो सुखाचाच.

बगदादचा फेरा

आता बगदादकडे वळू. आठव्या ते दहाव्या शतकात अब्बासी खलिफांच्या आणि अमीर-उमरावांच्या आश्रयाने ग्रीक विद्या अरबीत आली. या कामाचा मेरुमणी हुनैन बिन इसहाक (८०८-८७३) हा हीरा गावचा अरब ख्रिस्ती. जालीनूस, म्हणजे गॅलन, याच्या १२९ ग्रंथांची त्याने यादी करून ठेवली आहे: कोणता कुणी, कुणासाठी भाषांतरित केला, यासह. एपिक्युरसचे ग्रंथ मात्र या लाटेत आले नाहीत. अरबीत त्याची मते दुसऱ्यांच्या सारांशांतून, बहुधा टीकेच्या निमित्ताने पोचली. अफलातून आणि अरस्तू यांचे ग्रंथ आले, पूर्वी गुलाम असलेल्या एपिक्टेटससारख्या स्टोइक विचारवंतांच्या कल्पनाही आल्या. जगणे-मरणे हा विषय औषधाचा आहे, ही दृष्टी जालीनूसच्या वैद्यकातून आली.

नवव्या शतकात अबू युसूफ याकूब अल-किंदी यांनी दुःख दूर करण्याच्या युक्तीवर एक छोटी रिसाला लिहिली. आवडती वस्तू जाणे किंवा हवी ती न मिळणे, हे दुःखाचे मूळ. पण हे जगच नाशवंत आहे. नाशवंत वस्तू कायम राहावी अशी इच्छा करणे म्हणजे जगात नाही ते मागणे. आपल्यापाशी आहे ते सारे उसने आहे आणि ज्याचे आहे तो ते केव्हाही, कुणाच्याही हातून परत मागवू शकतो, असे किंदी सांगतात. अमानत हा शब्द रोज वापरणाऱ्या वाचकाला हे ऐकल्यासारखे वाटेल.

किंदींनी एपिक्टेटसचा एक दृष्टान्त घेऊन फुलवला आहे. जहाज एका बेटाला लागते. उतारू खाली उतरतात. काही जण गरजेपुरते घेऊन लगेच परततात. त्यांना ऐसपैस जागा मिळते. काही जण फुले, फळे, रंगीत दगड गोळा करत राहतात. परत येतात तेव्हा जागा अरुंद झालेली असते आणि ते ओझे मांडीवर घेऊन अवघडून बसतात. फुले सुकतात, फळे नासतात, दगड जड होतात. काही जण झाडीत इतके आत जातात की नावाड्याची हाक त्यांच्या कानीच पडत नाही. जहाज निघून जाते.

सिकंदराची गोष्टही त्यांनी सांगितली आहे. मरणाच्या दारी त्याने आईला लिहिले की माझ्या निधनानंतर एक भव्य शहर बांध, मोठी दावत कर, पण ज्याच्यावर कधी काही संकट आले असेल त्याने येऊ नये असे कळव. दिवस उजाडला, एकही पाहुणा आला नाही. आईला समजले की मुलाने मरतानाही तिचे सांत्वन केले आहे. महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे किसा गोतमीची आणि भगवान बुद्धांनी मागितलेल्या मूठभर मोहरीची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. एपिक्युरसला जे उत्तर नीट देता आले नव्हते, म्हणजे मूल गमावलेल्या आईला काय सांगायचे, ते किंदी या गोष्टीतून देऊ पाहतात.

मरणाविषयीही त्यांनी एक सुंदर उदाहरण दिले. आईच्या पोटातल्या बाळाला बाहेर काढतो म्हटले तर ते दुःखी होईल. त्याचे जग तेवढेच. पण बाहेर आलेल्या माणसाला परत त्या अंधारात जा म्हटले, तर ते टाळायला तो पृथ्वीवरचे सारे देऊन टाकेल. या जगातून जाणेही तसेच असेल.

राझींचे शेवटचे प्रकरण

आता त्या हकिमाकडे येऊ. अबू बक्र मुहम्मद बिन जकरिया राझी हे आजच्या तेहरानजवळच्या रय शहराचे. ९२५ च्या सुमारास वारले. रय आणि बगदादच्या इस्पितळांचे ते प्रमुख होते. देवी आणि गोवर हे दोन वेगळे आजार आहेत हे त्यांनी स्पष्ट मांडले. रयचा सुभेदार मन्सूर याच्यासाठी त्यांनी शरीराच्या वैद्यकावर एक ग्रंथ लिहिला आणि त्याच्या जोडीला मनाच्या वैद्यकावर दुसरा: 'अत्-तिब्ब अर्-रूहानी'. त्याची वीस प्रकरणे आहेत. गर्व, मत्सर, राग, खोटेपणा, कंजुषी, दारूचे व्यसन अशा एकेका आजारावर इलाज. आणि शेवटचे, विसावे प्रकरण मरणाच्या भीतीवर.

सुखाची त्यांची व्याख्याही औषधवाल्याची आहे. सुख म्हणजे बिघडलेली प्रकृती मूळपदावर येणे. उन्हात तापून आलेल्याला सावली गोड लागते, सावलीतच बसलेल्याला तिचे काही वाटत नाही. ही कल्पना मूळ अफलातूनची. म्हणून जो रोज चैन करतो त्याला तिची गोडी राहत नाही, पण सोडवतही नाही, असे राझी बजावतात. पण त्यांनी उपाशी राहण्याचाही पुरस्कार केला नाही. 'अस्-सीरा अल-फल्सफिया' या पुस्तकात त्यांनी टीकाकारांना उत्तर दिले आहे. सुकरात जंगलात राहणारा विरक्त होता आणि तुम्ही मात्र माणसांत मिसळता, कमावता, मग तुम्ही कसले फिलसूफ, असा आरोप होता. राझी दाखवून देतात की सुकरातने लग्न केले, मुले झाली, तो लढाईत लढला, दावतींना गेला. देहाला छळणाऱ्या सर्व धर्मांतल्या लोकांवर त्यांनी टीका केली. त्यात कामधंदा सोडून मशिदीतच बसून राहणारे मुसलमानही त्यांनी वगळले नाहीत. आपल्या मोठ्या वैद्यकग्रंथासाठी पंधरा वर्षे रात्रंदिवस खपल्याने नजर अधू झाली आणि हात दुबळा झाला, असे ते त्याच पुस्तकात सांगतात.

तर शेवटचे प्रकरण. राझी म्हणतात, जो मरणाची कल्पना करून घाबरतो तो प्रत्येक कल्पनेला एकदा मरतो. खरे मरण एकदाच यायचे, हा शंभरदा मरतो. मग ते वाचकाचे दोन गट करतात. आत्मा देहासोबत संपतो असे मानणाऱ्याला ते एपिक्युरसच्या जवळ जाणारे उत्तर देतात: दुःख म्हणजे जाणीव, जाणीव जिवंताला, मेलेल्याला दुःख कुठले? आणि शरीअतवर विश्वास ठेवणाऱ्याला सांगतात: तू तुझी कर्तव्ये पार पाडली असशील तर तुला भिण्याचे कारण नाही, कारण तुला चांगल्या ठिकाणी नेण्याचे वचन आहे.

इथवर ठीक. पण त्यांना तिसरा माणूसही दिसतो: ज्याला शंका आहे. त्याला ते हाकलत नाहीत, नरकाची चित्रे दाखवत नाहीत. शोध घे, जितकी ताकद असेल तितका घे, असे सांगतात. प्रामाणिकपणे शोधूनही त्याला सत्य सापडले नाही, तर अल्लाह त्याला माफ करील, कारण तो कुणावर ताकदीपेक्षा जास्त बोजा टाकत नाही.

राझींवर पाखंडाचे आरोप झाले. नबुवतविषयी त्यांची मते म्हणून जे सांगितले जाते ते मुख्यतः त्यांच्या विरोधकांच्या लेखणीतून आले आहे. अल-बेरूनींनी त्यांच्या ग्रंथांची यादी केली, पण टीकाही केली. आम्हाला त्या वादाचा निकाल द्यायचा नाही. लक्षात ठेवण्यासारखे हे की ज्या समाजात हे प्रकरण लिहिले गेले, तिथे ते उतरवून घेतले गेले आणि जपले गेले.

पुढे मिस्कवैह (मृत्यू १०३०) यांनी 'तहजीब अल-अखलाक'च्या शेवटी हेच केले. त्यांनी मरणाच्या भीतीची कारणे एकेक वेगळी काढली: वेदनेची भीती, शिक्षेची भीती, कुठे जाणार याची भीती, मालमत्ता आणि मुलेबाळे मागे राहण्याची भीती. शिक्षेला भिणाऱ्याला ते सांगतात की तू मरणाला भीत नाहीस, आपल्या कृत्यांना भितोस; मग कृत्ये सुधार. त्यांच्या ग्रंथावरून नसीरुद्दीन तुसी यांनी १२३५ मध्ये फारसीत 'अखलाक-ए-नासिरी' लिहिला, आणि तो हिंदुस्थानात आला. अकबराच्या दरबारात तो वाचून दाखवला जात असे. 'अखलाक' हा शब्द आज आमच्या घरांत मुलांना वळण लावताना वापरला जातो, त्यामागे एवढी परंपरा आहे.

आमच्यापुरते

मरणाची आठवण ठेवा, असे आमचा धर्म सांगतो. इमाम गजालींनी (मृत्यू ११११) 'इह्या'चे शेवटचे, चाळिसावे पुस्तक याच विषयाला दिले. ती आठवण माणसाचा हात सैल करते, हाव कमी करते, रुसवे मिटवते. पण आठवण वेगळी आणि दहशत वेगळी. तकरिरींतून, पातळ पुस्तिकांतून, आणि आता मोबाइलवरच्या चित्रफितींतून कब्रच्या अजाबची जी वर्णने लहान मुलांपर्यंतही पोचतात, त्यांनी हात सैल होत नाही, झोप उडते. पुढे ते मूल मोठे होते, काही विचारू पाहते, आणि प्रश्न विचारणे हाच गुन्हा आहे असे त्याच्या मनात पक्के बसलेले असते. राझींना दिसलेला तिसरा माणूस आज आमच्या घराघरांत आहे. तो अभियांत्रिकी शिकतो आहे, ती वैद्यकीय महाविद्यालयात आहे. त्यांना उत्तर द्यायला घरात कुणी नाही, म्हणून ते गप्प बसतात.

आमचे म्हणणे इतकेच आहे. एपिक्युरसची सगळी मते पटवून घेण्याची गरज नाही. किंदी, राझी आणि मिस्कवैह यांनीही ग्रीकांची सगळी मते घेतली नव्हती. त्यांनी औषध कुठल्या देशाचे, कुठल्या धर्माच्या माणसाने शोधलेले, हे विचारले नाही. गुण येतो का, एवढे पाहिले आणि न पटले ते बाजूला ठेवले. हुनैनसारख्या ख्रिस्ती विद्वानाच्या हातून आलेले ज्ञान घेताना त्यांचे ईमान डळमळले नाही.

किंदींची जहाजाची गोष्ट, सिकंदराच्या आईची दावत आणि राझींचे ते विसावे प्रकरण सोप्या मराठीत आमच्या मुलांच्या हाती पडायला हवे. काम मोठे नाही; तिन्ही मिळून एक पातळ पुस्तिका होईल. शाळेतल्या ग्रंथालयात ठेवता येईल, मकतबमध्ये शुक्रवारी अर्धा तास वाचून दाखवता येईल. अरबी-फारसी जाणणारी आणि मराठी लिहिणारी माणसे आपल्यात आहेत. त्यांच्यापैकी कुणी तरी ते मनावर घ्यावे.